मचूळ पाणी, राखेचं सिमेंट आणि किनाऱ्यावरचा स्लॅब

प्रश्न असा आहे. मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जुनं कौलारू घर उतरवून स्लॅबचं घर बांधायला घेतलंय. आवारातली विहीर पावसाळ्यात गोडी असते, शिमगा झाला की मचूळ होते. स्लॅब मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत भरायचा आहे. ठेकेदार म्हणतो, पाण्याचं काही नाही, या वाडीत सगळे तेच वापरतात. फक्त पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट नको, ते कच्चं असतं, ५३ ग्रेडचं साधं सिमेंटच आणा. उलट भाचा सांगतो की सिमेंटात थोडी राख मिसळली तर पैसे वाचतात आणि काँक्रीटही चांगलं होतं, आणि गावच्या गिरणीत भाताच्या तुसाची राख फुकट मिळते. कोणाचं ऐकायचं, आणि मचूळ पाण्याने काँक्रीटची ताकद किती कमी होते?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मी तीस वर्षं काँक्रीटची कामं बघतोय, त्यातली बरीचशी साइटवरच्या प्रयोगशाळेत क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, भरण्यात आणि फोडण्यात गेली. ठेकेदार पाण्याबद्दल चुकतोय आणि सिमेंटबद्दलही. भाच्याचं म्हणणं मुळात बरोबर आहे, पण त्याने शोधलेली राख त्या कामाची नाही.

आधी पाणी घेऊ. मचूळ पाण्याने काँक्रीटची ताकद किती कमी होते, असं तुम्ही विचारलंय. खरं उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल: फारशी नाही. अगदी थेट समुद्राचं पाणी घालून काँक्रीट केलं तरी २८ दिवसांची ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनीच घसरते, काही वेळा तेवढीही नाही. सुरुवातीला तर उलटंच दिसतं. क्लोराइडमुळे सिमेंटची प्रक्रिया जोरात सुरू होते, माल लवकर आवळतो आणि ७ दिवसांचा क्यूब गोड्या पाण्याच्या क्यूबपेक्षा वरचढ निघतो. मी स्वतः एकाच घाण्यातलं सिमेंट, रेती, खडी घेऊन टँकरच्या पाण्याचे आणि मेमधल्या विहिरीच्या पाण्याचे क्यूब शेजारी शेजारी भरले आहेत. सातव्या दिवशी मचूळ पाणी जिंकलं होतं. तुमचा ठेकेदार खोटं बोलत नाहीये. त्याने आयुष्यभर हेच पाहिलंय की या पाण्याचा माल पटकन धरतो आणि हातोडी मारली की खणखणतो.

पण क्यूबमध्ये सळई नसते. सगळी गोम इथे आहे. क्यूब काँक्रीटची ताकद सांगतो, सळईचं आयुष्य सांगत नाही.

सिमेंटच्या पाण्याचा पीएच १२ च्या वर असतो. एवढ्या अल्कलीत लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो आहे तोवर सळई गंजत नाही. क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भोक पाडल्यासारखा फोडतं. मग गंज धरतो, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, आणि आतून फुगलेली सळई कव्हरचा, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटचा, पापुद्रा ढकलून देते. देवगड तालुक्यातलं एक घर आठवतं. भरताना क्यूब उत्तम आले होते, नोंदी माझ्याच हातच्या होत्या. आठ वर्षांत सज्जांच्या खालून काँक्रीट सुटायला लागलं. आम्ही तेव्हा पाण्याची चव घेऊन 'चालेल' म्हटलं होतं आणि क्लोराइड मोजलं नव्हतं. ती चूक माझी होती. म्हणून तुम्हाला आज इतकं खोलात सांगतोय.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाने २००० साली हाच फरक आकड्यांत मांडून ठेवलाय. बिनसळईच्या काँक्रीटला पाण्यात लिटरमागे २००० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं, आरसीसीला, म्हणजे सळईच्या काँक्रीटला, फक्त ५००. सल्फेटची मर्यादा ४००, पीएच ६ च्या खाली नको. शंका असेल तर त्या पाण्याचे निदान तीन क्यूब आणि ऊर्ध्वपातित पाण्याचे तीन क्यूब भरायचे. २८ दिवसांची सरासरी ताकद ९० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. सिमेंटचा प्राथमिक सेटिंगचा वेळही ३० मिनिटांपेक्षा जास्त पुढेमागे होता कामा नये. लक्षात घ्या, या दोन परीक्षा मचूळ पाणी सहज पास होऊ शकतं. क्लोराइडची मर्यादा ही वेगळी अट आहे आणि आपल्याकडे तीच निर्णायक.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाचं उदाहरण लोक मला नेहमी देतात: १६६४ साली पाया घातलेला, भर समुद्रात उभा, त्याला काय झालं? त्याला काही झालं नाही कारण त्याच्या दगडी बांधकामात गंजणाऱ्या सळयांचा सांगाडा नाही. मिठाचं वैर दगड-चुन्याशी कमी आणि लोखंडाशी जास्त.

आता थोडा हिशेब करू, कारण 'थोडं मचूळ' म्हणजे किती, हे आकड्याशिवाय कळत नाही. एक घनमीटर काँक्रीटला साधारण १८० लिटर पाणी धरा. आरसीसीत पाणी, रेती, खडी, सिमेंट, केमिकल या सगळ्यांतून मिळून घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड नको. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे एकट्या पाण्यातूनच ३.४ किलो, जवळजवळ सहापट. तुमच्या विहिरीत मेमध्ये समजा १५०० मिलिग्रॅम निघालं, तर पाण्यातून २७० ग्रॅम जातात. म्हणजे निम्मा वाटा संपला, आणि रेती अजून यायची आहे.

रेतीकडे तर कोणी बघतच नाही. कर्ली असो, वाघोटण असो, वाशिष्ठी असो, खाडीच्या मुखाजवळ काढलेली रेती ट्रकमधून नुसती निथळून येते. घनमीटरला ७०० किलो रेती आणि तिच्यात ५ टक्के ओल धरली, तर ३५ लिटर पाणी रेतीबरोबरच मिक्सरमध्ये पडतं. ते समुद्राइतकं खारट असेल तर त्यातूनच ६६५ ग्रॅम क्लोराइड आलं, आणि अख्खी मर्यादा रेतीनेच ओलांडली. टँकरचं गोडं पाणी विकत आणायचं आणि खाडीची न धुतलेली रेती वापरायची, हे मी दरवर्षी कुठे ना कुठे बघतो. रेती धुतलेली घ्या, नाहीतर चांगल्या क्रशरची धुतलेली क्रश सँड घ्या.

विहिरीचं पाणी जिभेवर ठेवून ठरवू नका. साध्या मिठाच्या रूपातलं क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की जिभेला कळायला लागतं, पण ४०० आणि ७०० यांतला फरक जीभ सांगू शकत नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर मिळतो, तो घ्या. समुद्रामुळे मचूळ झालेल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी निम्म्याहून थोडं जास्त क्लोराइड असतं. तेव्हा मीटरवर ७००-८०० च्या वर आकडा दिसला की नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यायचा आणि क्लोराइड, सल्फेट, पीएच लेखी घ्यायचं. मीटर फक्त इशारा देतो.

नमुना कधी घ्यायचा, हे त्याहून महत्त्वाचं. सकाळी शांत विहिरीतून वरवरचं पाणी बाटलीत भरलंत तर रिपोर्ट छान येईल आणि उपयोगाचा नसेल. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. मेमध्ये वरचा थर पातळ झालेला असतो, आणि पंप लावून एका दमात उपसा केला की खालचं खारं वर चढतं. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब बीमसकट धरला तर १५-१६ घनमीटर काँक्रीट, म्हणजे नुसत्या मालाला तीन हजार लिटरच्या आसपास पाणी, वर मिक्सर धुणं वेगळं. तेव्हा पंप दोन तास चालवून मग नमुना घ्या, आणि तोही स्लॅबच्या आधीच्या आठवड्यात. फेब्रुवारीतला रिपोर्ट मेमध्ये दाखवू नका.

बाकीच्या अशुद्धी थोडक्यात. जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. पीएच ६ च्या वर असेल तर चिंता नाही. तांबूस लोहयुक्त पाण्याने डाग पडतील, ताकद जाणार नाही. गढूळ पाणी एक रात्र टाकीत निवू द्यावं. शेवाळलेल्या तळ्याचं पाणी मात्र टाळा. शेवाळामुळे काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे राहतात आणि सिमेंटची खडीवरची पकड सैल होते, तिथे ताकद खरोखर घसरते. कपडे धुतलेलं साबणाचं पाणीही असंच घातक.

साखरेबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण हे कोकणातच जास्त होतं. साइटवर पाणी साठवायला निळे प्लास्टिकचे पिंप आणतात. त्यांतले कितीतरी आधी आंब्याच्या रसाचे किंवा कोकम सरबताचे असतात. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर गेली तरी सेटिंग काही तासांनी लांबतं. ५० किलोच्या गोणीला हे प्रमाण अवघं २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. अर्धा-एक टक्का गेली तर माल धरतच नाही. वेंगुर्ल्याकडे एका कॉलमचा माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोटाने खरवडता येत होता. सिमेंट कंपनीला फोन गेले, गोण्यांवरच्या तारखा तपासल्या, आणि शेवटी पिंपाच्या तळाशी रसाचा वाळलेला थर सापडला. पिंप आतून घासून, दोन-तीनदा विसळून मगच वापरा.

आणि आता जे पाणी खरोखर ताकद खातं त्याच्याकडे येतो. ते खारंही नाही, घाणेरडंही नाही. ते जास्तीचं पाणी आहे. डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच दाखवलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी-सिमेंटच्या गुणोत्तरावर ठरते. ०.४५ म्हणजे गोणीला साडेबावीस लिटर. माल ओढायला जड जातो म्हणून मुकादमाने आणखी साडेसात लिटर मारलं की गुणोत्तर ०.६० झालं आणि ताकदीचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. मचूळ पाण्याने दहा-पंधरा टक्के जातील म्हणून आपण काळजी करतो आणि पाइपने तेहतीस टक्के घालवतो. त्यात ओल्या रेतीचं पाणी कोणी वजा करत नाही. गोणीमागे ९० किलो रेती आणि ५ टक्के ओल धरली तर साडेचार लिटर पाणी रेतीतूनच आलं, म्हणजे मिक्सरमध्ये अठराच लिटर घालायचं. माल सुटा हवा असेल तर क्लोराइडमुक्त प्लास्टिसायझर वापरा आणि मापाचा डबा ठेवा. पाइप मिक्सरपासून लांब.

आता सिमेंट. पीपीसी 'कच्चं' असतं हा समज गोणीवरच्या आकड्यातून आलाय. ५३ ग्रेड ओपीसीला, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटला, ३ दिवसांत २७, ७ दिवसांत ३७ आणि २८ दिवसांत ५३ मेगापास्कल ताकद द्यावी लागते. पीपीसीला मानकाने घातलेली अट १६, २२ आणि ३३ ची. या किमान अटी आहेत. चांगलं पीपीसी २८ दिवसांना त्याहून बरंच वर जातं. फरक वेगाचा आहे. ओपीसी पाण्याशी संयोग पावताना चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, मोकळा सोडतं. हा चुना ताकदीला जवळजवळ निरुपयोगी आणि पाण्यात विरघळणारा. पीपीसीत घातलेल्या फ्लाय अॅशमधली, म्हणजे वीजप्रकल्पातल्या कोळशाच्या राखेतली, सिलिका हळूहळू त्याच चुन्याशी संयोग पावून आणखी चिकट, घट्ट पदार्थ तयार करते आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं भरत जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात पीपीसी मागे, महिन्याला बरोबरीच्या आसपास, तीन महिन्यांनी बहुतेक वेळा पुढे. नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमनांनी समुद्रात बंदरं बांधली. पोझोलाना हे नाव तिथलंच. आपल्याकडे विटांची सुरखी चुन्यात घालायचे ते याच कारणाने.

किनाऱ्यावर मला या छिद्रं भरण्याचं महत्त्व ताकदीपेक्षा जास्त वाटतं. वाऱ्याबरोबर येणारं मीठ स्लॅबमध्ये ओलाव्यातून आत सरकतं, आणि छिद्रं जितकी बारीक तितकं ते सावकाश. शिवाय राखेतली आणि स्लॅगमधली (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीतली) अॅल्युमिना काही क्लोराइड बांधून ठेवते. म्हणूनच समुद्राच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या कामाला स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंट फायद्याचं, असं आयएस ४५६ मध्येही लिहिलंय. पण यावरून कोणी असं समजू नये की पीपीसी घातलं म्हणजे मचूळ पाणी चालेल. बाहेरून येणाऱ्या मिठाला पीपीसी दार लावतं. पाण्यातून तुम्हीच घातलेलं मीठ पहिल्या दिवसापासून सळईला चिकटून बसलेलं असतं, त्याला दार लावून काय होणार?

भाच्याच्या राखेचं आता. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश कारखान्यातच घातलेली असते आणि तिचं प्रमाण गोणीवर छापलेलं असतं. त्यात तुम्ही आणखी राख घातलीत तर सिमेंटच कमी पडेल. वेगळी राख घालायची तर ती ओपीसीत, आयएस ३८१२ च्या कसोटीला उतरलेली, वजनाने मोजून, आणि मिक्स डिझाइन करून, म्हणजे मालाचं प्रमाण चाचणीने ठरवून. ते आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटचं काम, घमेल्याचं नाही. जयगडला कोळशावरचा वीजप्रकल्प आहे, डोलवीला पोलादाचा कारखाना आहे, त्यामुळे राख आणि स्लॅग कोकणाला परके नाहीत. पण वीटभट्टीच्या बुडाची राख म्हणजे फ्लाय अॅश नव्हे.

तुसाच्या राखेबद्दल वाईट वाटतं, कारण वस्तू खरोखर मोलाची आहे. भाताच्या तुसाच्या राखेत ८५-९० टक्क्यांपर्यंत सिलिका असते. मात्र तूस ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, ताबा ठेवून जाळलं तरच ती सिलिका चुन्याशी संयोग पावण्याजोगी राहते. गिरणीच्या भट्टीत आच कधी मंद तर कधी भडक. मंद आचेत कोळसा उरतो, राख काळी पडते. जास्त तापली की सिलिका स्फटिक होऊन निष्क्रिय होते, मग ती नुसती बारीक धूळ. त्यातून ही राख पाणी भरपूर पिते, म्हणजे मुकादम पुन्हा पाइप हातात घेणार. ती माडांच्या आळ्यात घाला, स्लॅबमध्ये नको.

तुमच्या घरासाठी मी काय करेन ते सांगतो. किनाऱ्यावरचं उघडं काँक्रीट मानकाच्या 'तीव्र' वर्गात येतं: किमान एम ३० (२८ दिवसांना ३० मेगापास्कलचं काँक्रीट), गुणोत्तर ०.४५ पर्यंत, ४५ मिलिमीटर कव्हर. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. सिमेंट, रेती, खडी एक-दीड-तीनच्या मापाने घालून एम ३० होत नाही, नॉमिनल मिक्स मानकानुसार एम २० पर्यंतच. तेव्हा मिक्स डिझाइन करून घ्या, पीपीसी किंवा स्लॅग सिमेंटवर, घनमीटरला साधारण आठ गोणी येतील. सळईखाली चिऱ्याचे कपचे सारू देऊ नका, त्यातून ओल थेट सळईपर्यंत पोचते. कव्हर ब्लॉक त्याच ताकदीच्या मालाचे करा. मालाला पाणी टँकरचं, रिपोर्ट बघितलेलं.

पीपीसी घेतलंत की दोन गोष्टी बदलतात, आणि पीपीसीची बदनामी या दोन न पाळल्यामुळेच झाली आहे. पहिली, सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू आणि प्लेटा. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ओपीसीला १४ दिवसांनी काढतात. पीपीसीला हा काळ दहा सप्तमांश पट, म्हणजे २० दिवस धरायची पद्धत आहे. ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून त्याला ५३ ग्रेड हवं. हे आधीच बोलून, करारात लिहून घ्या. दुसरी, क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं. ओपीसीला निदान ७ दिवस, पीपीसीला निदान १०, आणि मेच्या उन्हात मी १४ च्या खाली येत नाही. राखेचं काम सावकाश चालतं आणि ते फक्त ओलाव्यातच चालतं. पाचव्या दिवशी स्लॅब वाळला तर राख तशीच पडून राहते आणि तुम्ही खरोखरच कच्चं काँक्रीट करून बसता.

पाणी मारायलाही विहिरीचं मचूळ पाणी नको. स्लॅबवर आळी करून ते साठवलं की उन्हाने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, रोज थोडं थोडं, तेही काँक्रीट सगळ्यात सच्छिद्र असताना. टँकर परवडत नसेल तर आळी करू नका. ओली गोणपाटं अंथरा, वर प्लास्टिक दाबून टाका, म्हणजे पाणी खूप कमी लागतं. स्लॅब १५ मेच्या आत भरलात तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टेकूही निघतील आणि पुढचे चार महिने पाऊस पीपीसीला फुकटात गोडं पाणी मारत राहील.

क्यूब जरूर भरा, पण ७ दिवसांच्या आकड्यावर पीपीसीला नापास करू नका; २८ आणि जमल्यास ५६ दिवसांचे जास्तीचे तीन-तीन ठेवा. आणि विहिरीवर पंप दोन तास चालवून भरलेल्या नमुन्याचा क्लोराइडचा आकडा हातात आला की मला कळवा. ५०० च्या आत असेल तर टँकरचा खर्च वाचवता येईल का, ते रेतीचा रिपोर्ट शेजारी ठेवून बघू.